प्रगत प्रोस्टेट कर्करोग : निर्णय रुग्णाचा, सोबत समदुःखींची

खास प्रतिनिधी, यवतमाळ

साठी उलटल्यानंतर रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे, धार बारीक होणे, कंबर दुखणे या तक्रारी ‘वयाचा भाग’ म्हणून सोडून दिल्या जातात. कपाशीची वेचणी आटोपू द्या, सोयाबीन विकले जाऊ द्या, मग दवाखान्यात जाऊ, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते. अखेर लघवी पूर्णपणे तुंबते, नळी टाकावी लागते किंवा कंबरेचे दुखणे सहन होईनासे होते. तेव्हा कुठे तपासण्या होतात आणि प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत पोचल्याचे निदान हाती पडते. तेही बहुधा रुग्णाच्या नव्हे, त्याच्या मुलाच्या किंवा जावयाच्या हाती.

येथून पुढे जे घडते ते केवळ औषधोपचार नसतात, तर ती निर्णयांची एक मालिका असते. शस्त्रक्रिया करावी की इंजेक्शने घ्यावीत, केमोथेरपी आताच घ्यावी की नंतर, गाव सोडून नागपूर-मुंबईला जावे की जवळच उपचार घ्यावेत, आणि एका टप्प्यावर, उपचार थांबवावेत का? कोणते औषध काय करते हे डॉक्टर सांगू शकतात. मात्र ते औषध घेऊन घरात, शेतात, चारचौघांत कसे जगावे लागते, हे त्याच वाटेने गेलेला दुसरा रुग्णच सांगू शकतो. प्रगत प्रोस्टेट कर्करोगात या दोन्ही प्रकारच्या माहितीची गरज असते.

आजाराचे स्वरूप

प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, ही मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी होय. उतारवयात ती वाढणे हे सर्रास आढळते आणि अशी प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. रक्तातील ‘पीएसए’ या प्रथिनाचे प्रमाण, बोटाने केलेली तपासणी, एमआरआय आणि सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी यांवरून निदान निश्चित होते. रोग कुठवर पसरला हे पाहण्यासाठी हाडांचे स्कॅन किंवा अलीकडे उपलब्ध झालेले ‘पीएसएमए पेट स्कॅन’ केले जाते.

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १४ लाख ७० हजार, तर भारतात सुमारे ३८ हजार पुरुषांना हा रोग जडतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, २०२० मध्ये जगात वर्षाला १४ लाख असलेली नव्या रुग्णांची संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल. लोकांचे आयुर्मान वाढत असल्याने ही वाढ मुख्यतः आपल्यासारख्या देशांत होणार आहे.

रोग हाडांत पोचल्यावर तो समूळ बरा होणे सहसा शक्य नसते. परंतु तो वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवता येतो, ही गोष्ट रुग्णापर्यंत फार क्वचित पोचते. ‘आता काही उरले नाही’ आणि ‘यातून पूर्ण बरे होणार’ या दोन टोकांमध्ये उपचारांचे मोठे क्षेत्र आहे आणि सारे निर्णय तेथेच घ्यावे लागतात.

पहिला निर्णय : शस्त्रक्रिया की इंजेक्शन?

प्रोस्टेटच्या कर्करोगाला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे खतपाणी मिळते. ते तोडले की रोग मागे हटतो, हे शिकागोतील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही उपचारांचा पाया तोच आहे.

संप्रेरक रोखण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे अंडकोषांतील संप्रेरक तयार करणारा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकणे. दुसरा म्हणजे ल्युप्रोलाइड, ट्रिप्टोरेलिन, गोसेरेलिन यांसारखी इंजेक्शने महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घेत राहणे. रोगावरील परिणाम दोन्हींचा जवळपास सारखाच असतो. शस्त्रक्रिया लहान असते, खर्च एकदाच येतो आणि संप्रेरक काही तासांतच खाली येते. मात्र ती परत फिरवता येत नाही. इंजेक्शनांचा परिणाम थांबवता येतो, पण खर्च आणि फेऱ्या कायमच्या मागे लागतात. काही इंजेक्शनांनी सुरुवातीला संप्रेरक उलट वाढते. त्यामुळे पहिले काही आठवडे जोडीला वेगळ्या गोळ्या दिल्या जातात.

हा निर्णय कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो घ्यायचा असतो तो ६५-७० वर्षांच्या, कुटुंबाचा कर्ता असलेल्या माणसाने. ‘अंडकोष काढणे’ हे शब्द कानी पडताच अनेकांना पुरुषत्वच गमावल्यासारखे वाटते आणि पुढचे काही ऐकूच येत नाही. बाहेरचा आकार कायम ठेवून केवळ आतला भाग काढता येतो, हे विचारण्याचे धाडस होत नाही. इंजेक्शनांनीही कामेच्छा तितकीच मंदावते, हेही अनेकांना नंतरच कळते.

दुसरीकडे, इंजेक्शनाचा मार्ग निवडूनही तारीख चुकली की उपचाराला अर्थ उरत नाही. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. वणी, झरी जामणी, मारेगावचा रुग्ण नागपूर किंवा चंद्रपूरकडे पाहतो, उमरखेड-महागावचा नांदेडकडे. जिल्ह्याच्या ठिकाणाहूनही नागपूर सुमारे १५० किलोमीटरवर, तर सेवाग्राम आणि सावंगी मेघे ७०-७५ किलोमीटरवर आहे. पेरणीच्या दिवसांत, हातात पैसा नसताना, ‘या खेपेस राहू द्या, पुढच्या महिन्यात घेऊ’ असे होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ‘मला हे इंजेक्शन दर वेळी, पुढील काही वर्षे, वेळेवर घेता येईल काय?’ हा प्रश्न औषधाच्या नावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

दुसऱ्या औषधाची जोड

पूर्वी संप्रेरक रोखण्याचा उपचार निष्प्रभ झाल्यावरच पुढची औषधे दिली जात. २०१५ ते २०१७ या काळात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनी हे चित्र बदलले. संप्रेरक रोखण्याबरोबर सुरुवातीपासूनच डोसिटॅक्सेल ही केमोथेरपी किंवा अबिराटेरॉनच्या गोळ्या दिल्यास अनेक रुग्णांचे आयुष्य वाढते, असे सिद्ध झाले. हाडांत थोडाच प्रसार असेल तर मूळ ग्रंथीला किरणोपचार देण्याचाही लाभ होतो, हे २०१८ मध्ये दिसून आले.

डोसिटॅक्सेल साधारणतः तीन आठवड्यांच्या अंतराने सहा वेळा शिरेतून दिले जाते. म्हणजे सुमारे चार महिने त्रास, मग सुटका. अबिराटेरॉनच्या गोळ्या घरी घेता येतात, पण त्या रोज आणि बराच काळ, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या जोडीने घ्याव्या लागतात. रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताची तपासणी करत राहावी लागते. मधुमेही रुग्णाचा, एकट्या राहणाऱ्याचा, शेतावर काम करणे भाग असलेल्याचा निर्णय त्यामुळे वेगवेगळा होऊ शकतो. अबिराटेरॉनची भारतीय कंपन्यांची जेनेरिक औषधे मिळू लागल्याने हा उपचार पूर्वीच्या तुलनेत आवाक्यात आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या औषधाचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

पुढे रोग संप्रेरकाविनाही वाढू लागला तर एन्झालुटामाइड, दुसरी केमोथेरपी, ल्युटेशियम हा किरणोत्सारी उपचार आणि काही विशिष्ट जनुकीय दोष असलेल्यांसाठी ओलापारिब असे पर्याय असतात. असा जनुकीय दोष आढळल्यास मुले, मुली आणि भावंडांनीही तपासणीचा विचार करावा. त्याच दोषातून स्त्रियांना स्तन आणि बीजांडकोशाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

मौनाचे ओझे

फ्रान्सचे अध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांना १९८१ च्या अखेरीस, सत्तेवर आल्यानंतर काही महिन्यांतच, हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाचे निदान झाले. देशाला ते कळले १९९२ मध्ये. दरम्यान त्यांच्या प्रकृतीची पत्रके नियमित निघत होती, पण रोगाचा उल्लेख नव्हता. उलट, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांनी मे २०२५ मध्ये हाडांत पसरलेल्या याच रोगाचे निदान काही दिवसांतच जाहीर केले. चार दशकांत जगात एवढा फरक पडला. आपल्या घरांत तो पडला आहे काय, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे मौन दुहेरी असते. घरचे रुग्णाला सांगत नाहीत, कारण ‘बाबा खचतील’. रुग्ण घरच्यांना सांगत नाही, कारण लघवी, कामेच्छा, रात्री ओले होणारे अंथरूण हे मुलासमोर बोलण्याचे विषय नव्हेत. पत्नीला सारे दिसते, पण तिला कोणी विचारत नाही. संप्रेरक घटल्याने अंगातून गरम वाफा येणे, घाम फुटणे, थकवा, चिडचिड, उदासी, वजन वाढणे, स्नायू आणि हाडे कमकुवत होणे हे सारे उपचाराचे परिणाम आहेत. हे ठाऊक नसल्याने ‘माणूस बदलला’ असा निष्कर्ष काढला जातो. कर्ज, नापिकी आणि शेतकरी आत्महत्यांचे दुःख या जिल्ह्याने सोसले आहे. अशा ठिकाणी उपचारांतून येणारी उदासी नजरेआड करणे धोक्याचे आहे. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

समदुःखींचा आधार

समान व्याधी असलेल्यांनी एकमेकांना आधार देण्याची कल्पना नवी नाही. मद्यपाश सोडवणाऱ्या ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेत झाली, तिच्या बैठका महाराष्ट्रातही मराठीतून चालतात. प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांचे आधारगट अमेरिकेत १९९० च्या सुमारास उभे राहिले. स्तनाच्या कर्करोगाच्या स्त्रिया त्याआधीच एकत्र आल्या होत्या. पुरुषांना बोलते व्हायला अधिक वेळ लागला.

महाराष्ट्रात कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये मुंबईत ‘व्ही केअर फाउंडेशन’ स्थापन केले. स्वतः कर्करोगातून गेलेले स्वयंसेवक नव्या रुग्णांना भेटतात, हे या कामाचे वैशिष्ट्य. ‘मलाही हाच रोग झाला होता’ या एका वाक्याने जो विश्वास निर्माण होतो, तो माहितीपत्रकाने होत नाही.

खरे तर असा आधार नाव न देताही चालू असतो. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी गेलेली विदर्भातील अनेक कुटुंबे दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. ज्या संताने विदर्भाच्या गावोगावी झाडू हाती घेऊन माणुसकी शिकवली, त्यांच्या नावाच्या या छताखाली कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो, केमोनंतर तोंड आले तर काय खावे, मोबदला न मागता कोण मदत करतो, हे ज्ञान एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर आणि एसटीच्या सीटवरही हेच घडते. फक्त ते योगायोगावर अवलंबून असते.

अशा आधाराने आयुष्य वाढते काय? १९८९ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी प्रगत स्तन-कर्करोगाच्या स्त्रियांच्या अभ्यासातून तसा दावा केला होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत तो टिकला नाही. आयुष्य वाढले नाही, पण मनाचा ताण आणि वेदनेची जाणीव कमी झाली. म्हणजे आधारगट हे औषध नव्हे. तो उरलेले दिवस सुसह्य करतो आणि घाबरून निर्णय घेण्यापासून वाचवतो. हे काही थोडे नाही.

अनुभव घ्यावा, औषध नव्हे

आधाराची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘पीसी-स्पेस’ नावाचे वनौषधींचे मिश्रण प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णांमध्ये लोकप्रिय झाले. काहींचा पीएसए खरोखरच उतरला. २००२ मध्ये तपासणीअंती त्यात रक्त पातळ करणारे औषध आणि इतर रासायनिक औषधे मिसळलेली आढळली व ते बाजारातून काढून घेण्यात आले. ‘मला गुण आला, तुम्हीही घ्या’ हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारलेले असले तरी तो पुरावा नव्हे. आज व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मुळ्या, काढे आणि ‘खात्रीशीर’ पत्त्यांनाही हेच लागू आहे.

अगदी खऱ्या औषधाबाबतही तुलना घातक ठरू शकते. अबिराटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या उपाशीपोटी घेण्याची प्रचलित पद्धत आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या एका लहान चाचणीत, हलक्या न्याहारीसोबत घेतलेली एकच गोळी पीएसए उतरवण्यात तितकीच उपयुक्त दिसली. खर्च वाचतो म्हणून काही डॉक्टर हा मार्ग सुचवतात. आता बाकावर शेजारी बसलेल्या दोघांची कल्पना करा : एकाला चार गोळ्या उपाशीपोटी, दुसऱ्याला एक गोळी जेवणासोबत. दोघेही आपापल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बरोबर आहेत. पण पहिल्याने शेजाऱ्याचे ऐकून चारही गोळ्या तुपातेलाच्या जेवणावर घेतल्या तर औषध कित्येक पट अधिक शोषले जाऊन अपाय होऊ शकतो.

म्हणून नियम एवढाच : ‘गरम वाफा आल्या तेव्हा तुम्ही काय केलेत?’, ‘शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी कामाला लागलात?’, ‘घरी कसे सांगितलेत?’ हे प्रश्न सहप्रवाशाला विचारावेत. मात्रा, बदल आणि बंद करणे हे डॉक्टरांनाच.

खर्चाआधी चौकशी

जमीन किंवा जनावर विकण्यापूर्वी योजनांची चौकशी करावी. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. कोणता उपचार पॅकेजमध्ये बसतो आणि कोणते औषध बाहेरून घ्यावे लागेल, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्यावे. कर्करोग रुग्णांना रेल्वे प्रवासात सवलत आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे.

वेदना सोसणे सक्तीचे नाही

हाडांच्या दुखण्यावर किरणोपचाराचा एकच डोसही अनेकदा आराम देतो. हाडे मजबूत ठेवणारे झोलेड्रोनिक आम्लाचे इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत. तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे सुरक्षित आणि प्रभावी औषध आहे. ते मिळणे सुलभ व्हावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. महाराष्ट्राने २०१२ मध्येच परिहार सेवेचे, म्हणजे वेदनामुक्ती आणि शुश्रूषेचे धोरण स्वीकारले आहे. ही सेवा अखेरच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये. निदानापासूनच ती उपचारांसोबत घ्यावी.

एक इशारा प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. पाठदुखी अचानक वाढून पायांतील शक्ती कमी झाली, मुंग्या आल्या किंवा लघवी-शौचावरील ताबा गेला तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काही तासांचा उशीर कायमचे पांगळेपण देऊ शकतो.

तालुक्यात आधारगट कसा उभारावा?

त्यासाठी इमारत लागत नाही, देणगीही लागत नाही. तालुक्याच्या गावांतले ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालये, भजनी मंडळे ही जागा तयारच आहे. महिन्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या दिवशी, म्हणजे खेड्यातून येणाऱ्याला वेगळी फेरी पडणार नाही. उपचार घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेले दोन-तीन जण पुढे आले तरी पुरे. काही पथ्ये मात्र पाळावीत : येथे बोललेले बाहेर जाणार नाही, कोणी औषध विकणार नाही व मात्रा सांगणार नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा डॉक्टर किंवा परिचारिकेला बोलवावे, पत्नींची बैठक वेगळी घ्यावी. आणि जो उपचार थांबवू इच्छितो, त्याला ‘लढा’ असा आग्रह धरू नये. ऐकून घ्यावे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

१. रोग कुठवर पसरला आहे आणि उपचारांचा उद्देश काय : बरे करणे, आटोक्यात ठेवणे की त्रास कमी करणे?
२. माझ्यासाठी शस्त्रक्रिया योग्य की इंजेक्शने? प्रत्येकाचा वर्षाचा खर्च किती?
३. दुसरे औषध आताच जोडण्याचा मला लाभ होईल का?
४. मधुमेह, हृदय, हाडे यांवर काय परिणाम होईल? त्यासाठी कोणत्या तपासण्या?
५. यातील कोणते उपचार, इंजेक्शने व रक्तचाचण्या यवतमाळमध्ये होऊ शकतील? नागपूरला केव्हाच जावे लागेल?
६. उपचार घेतला नाही किंवा थांबवला तर काय होईल?
७. हाच उपचार घेतलेल्या एखाद्या रुग्णाशी, त्याच्या संमतीने, बोलता येईल का?

सोबत एक जण न्यावा, उत्तरे वहीत लिहून घ्यावीत आणि तातडी नसेल तर विचाराला दोन दिवस मागून घ्यावेत. संकोच वाटू देऊ नये. चांगले डॉक्टर याची वाटच पाहत असतात. सातवा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. कारण निर्णय शेवटी ज्याचा त्यालाच घ्यायचा असला, तरी तो एकट्याने घेतलाच पाहिजे असे नाही.